राजीनाम्याच्या कागदावर सही करू नका

प्रश्न : मी पश्चिम महाराष्ट्रातील एका एमआयडीसीत, वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या कंपनीत गेली अकरा वर्षे सीएनसी मशीनवर काम करतो. नोकरी कायम आहे आणि कंपनीत आम्ही साधारण तीनशे माणसे आहोत. दोन महिन्यांपूर्वी कंपनीत आरोग्य शिबिर झाले. रांगेत उभे राहून सगळ्यांनी रक्त दिले आणि एका इंग्रजी फॉर्मवर सह्या केल्या. दहा दिवसांनी एचआरच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून मला एचआयव्ही असल्याचे सांगितले. तिथे आमचे सुपरवायझरही बसले होते. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पुन्हा तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह आली. गोळ्या सुरू झाल्या आहेत. पत्नीची तपासणी निगेटिव्ह आहे. साहेब म्हणतात, ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दे, तीन महिन्यांचा पगार जादा देतो. नाहीतर ही गोष्ट सगळ्यांना कळेल आणि तुलाच त्रास होईल.’ तोपर्यंत घरी आराम कर, असे तोंडी सांगितले आहे. महिनाअखेरीस सही करायला बोलावले आहे. मशीनवर हात कापला तर दुसऱ्याला लागण होईल, कँटीनमध्ये लोक जेवणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. मुलगी आठवीत आहे. गावात कळले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मला कायद्याचा काही आधार आहे का? कृपया नाव छापू नये.
— एक कामगार

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आधार आहे, आणि तुमच्या एचआरच्या साहेबांना वाटतो त्यापेक्षा तो पुष्कळ भक्कम आहे. मात्र तो टिकण्यासाठी एक अट तुम्हाला पाळावी लागेल. महिनाअखेरीस पुढे केला जाणारा राजीनाम्याचा कागद तुम्ही सही न करता परत करायचा आहे. तुमच्या पत्रातील बाकी सर्व गोष्टी, म्हणजे रक्ताची तपासणी, सुपरवायझरसमोर झालेला उच्चार, ‘घरी आराम कर’ हा तोंडी हुकूम, या कंपनीच्या विरुद्ध जाणाऱ्या आहेत. कंपनीच्या बाजूने जाईल असा कागद या प्रकरणात एकच निर्माण होऊ शकतो, आणि तो तुमच्या हस्ताक्षरातला राजीनामा आहे. म्हणूनच त्यासाठी तीन महिन्यांचा पगार देण्याची त्यांची तयारी आहे.

हे असे का, ते जरा सविस्तर सांगतो. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा संसदेने 2017 साली संमत केला आणि तो 10 सप्टेंबर 2018 पासून देशभर लागू झाला. या कायद्याचे कलम 3 भेदभावाला मनाई करते आणि त्या यादीतील अगदी पहिली बाब नोकरीची आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला नोकरी नाकारता येत नाही किंवा नोकरीवरून काढता येत नाही. काढायचेच असेल, तर मालकाने दोन लेखी कागद त्या कामगाराच्या हाती द्यावे लागतात. पहिला कागद पात्र आणि स्वतंत्र आरोग्यसेवकाचा, म्हणजे कंपनीच्या दावणीला नसलेल्या डॉक्टरचा, ज्यात हा माणूस त्या कामाच्या जागी इतरांना लागण होण्याचा लक्षणीय धोका निर्माण करतो किंवा तो आपले काम करण्यास अपात्र झाला आहे, असे लेखी मूल्यमापन असते. दुसरा कागद खुद्द मालकाचा असतो. या कामगाराला सामावून घेण्यासाठी कामात वाजवी फेरफार करणे आपल्याला प्रशासकीय किंवा आर्थिकदृष्ट्या का आणि किती अवघड आहे, हे त्यात लिहून द्यावे लागते. हे कागद दिले नाहीत, तर कायदा गृहीत काय धरतो, हे नीट लक्षात घ्या : धोका नाही, माणूस कामाला पात्र आहे आणि मालकाला कोणतीही अवाजवी अडचण नाही, असेच गृहीत धरले जाते. आपल्या बाजूचा पुरावा गोळा करता करता कामगार थकून जातो, असा अनुभव श्रम न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या कोणालाही असतो. इथे मात्र कायद्याने सुरुवातीचा भार मालकावर टाकलेला आहे आणि मालक गप्प बसला तर त्याचे मौन तुमच्या बाजूने मोजले जाते.

अकरा वर्षे मशीन चालवणारा, हातीपायी धड असलेला माणूस कामाला अपात्र आहे, असे लिहून द्यायला कोणताही स्वतंत्र डॉक्टर सहजासहजी तयार होणार नाही, याची कल्पना एचआर विभागाला असते. त्यामुळे काढून टाकण्याच्या वाटेला न जाता कामगारानेच ‘वैयक्तिक कारणास्तव’ निघून जावे, अशी व्यवस्था केली जाते. एकदा राजीनामा दिला की ‘आम्ही काढलेच नाही’ असे म्हणायला कंपनी मोकळी होते आणि मग तो राजीनामा दबावाखाली घेतला गेला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्या गळ्यात येते. दबावाखाली घेतलेल्या राजीनाम्याला आव्हान देता येते, अशी आव्हाने यशस्वीही झाली आहेत. पण चार ओळींचा कागद हातचा राखून जो पल्ला गाठता येतो, तो सही केल्यानंतर काही वर्षे झगडून गाठण्यात शहाणपण नाही.

‘आमची कंपनी खासगी आहे, सरकारी नियम आम्हाला लागू नाहीत’ असे कदाचित तुम्हाला ऐकवले जाईल. या वाक्यात अर्धे सत्य आहे, म्हणून ते फसवे आहे. राज्यघटनेतील समान संधीचे अनुच्छेद मुख्यतः राज्यसंस्थेला बांधतात, आणि खासगी नोकरीतील सर्व प्रकारच्या भेदभावाला एकाच छत्राखाली आणणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे आजही नाही. स्त्री-पुरुषांच्या वेतनासाठी एक कायदा, दिव्यांगांसाठी 2016 चा दुसरा, तृतीयपंथी व्यक्तींसाठी 2019 चा तिसरा, अशी ही ठिगळांची गोधडी आहे, आणि ज्याच्या अंगावर एकही ठिगळ येत नाही तो कामगार खरोखरच उघडा पडतो. तुमच्या बाबतीत तसे झालेले नाही. 2017 च्या कायद्यात ‘आस्थापना’ या शब्दाची व्याख्या इतकी रुंद आहे की तिच्यात कंपन्या, सहकारी संस्था आणि मोबदला घेऊन सातत्याने व्यवसाय करणारी दोन माणसांची भागीदारीसुद्धा बसते.

आता रक्ताच्या तपासणीकडे वळू. कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी करणे चांगलेच आहे आणि काही कारखान्यांत ते कायदेशीर कर्तव्यही असते. परंतु त्या निमित्ताने काढलेल्या रक्ताची एचआयव्हीसाठी गुपचूप तपासणी करणे ही वेगळीच गोष्ट आहे. कलम 5 नुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, आणि त्या संमतीत तपासणीपूर्वीचे आणि तपासणीनंतरचे समुपदेशनही येते. संमती म्हणजे काय, हेही कायद्याने मोघम ठेवलेले नाही. ती जबरदस्ती, फसवणूक किंवा गैरसमजातून घेतलेली नसावी आणि संबंधित माणसाला समजेल अशा भाषेत व अशा रीतीने माहिती दिल्यानंतरच घेतलेली असावी, असे व्याख्येतच म्हटले आहे. रांगेत उभ्या असलेल्या दोन-तीनशे माणसांनी टेबलावरच्या इंग्रजी फॉर्मवर पटापट केलेल्या सह्या या कसोटीला उतरतील, असे मला वाटत नाही. त्यामुळे ‘तू सही केली होतीस’ असे कोणी म्हटले तर मनातून खचू नका. त्या फॉर्मची प्रत लेखी मागा. याशिवाय नोकरी मिळण्यासाठी किंवा आहे ती चालू राहण्यासाठी एचआयव्ही तपासणीची अट घालणे, हाही कलम 3 मध्ये नोंदवलेला भेदभावाचाच प्रकार आहे.

सुपरवायझर त्या खोलीत बसले होते, ही बाब तुम्ही पत्रात एका वाक्यात सांगून पुढे गेला आहात. मला ती फार महत्त्वाची वाटते. दुसऱ्याची एचआयव्हीविषयक माहिती विश्वासाच्या नात्यातून ज्याच्या हाती आली आहे, त्याने ती त्या व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय उघड करू नये, असे कलम 8 सांगते. सुपरवायझरला ती माहिती देण्यासाठी तुमची संमती कोणीही घेतलेली नव्हती. मुळात तुमचा अहवाल प्रयोगशाळेतून तुमच्या हाती न येता एचआरच्या टेबलावर कसा गेला, हा प्रश्नही आहेच, आणि तो शिबिर घेणाऱ्या प्रयोगशाळेलाही विचारता येईल. ‘सगळ्यांना कळेल’ या धमकीबाबत एवढे ध्यानात असू द्या की, एचआयव्हीग्रस्त व्यक्तीला द्वेषाच्या किंवा भेदभावाच्या तोंडी देईल अशी माहिती पसरवण्यास कलम 4 ने मनाई केली आहे आणि त्यासाठी तीन महिने ते दोन वर्षे कारावासाची आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उद्या शॉप फ्लोअरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी तुमचे नाव घेऊन काही लिहिलेच, तर तो ‘गंमत म्हणून पाठवलेला मेसेज’ उरणार नाही. तुम्हाला धमकी देणाऱ्या माणसाला बहुधा याचा पत्ता नसावा.

मशीनवर हात कापला तर काय, या प्रश्नाने तुम्ही स्वतःही घाबरला आहात, असे पत्रावरून जाणवते. एचआयव्ही हा विषाणू असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त किंवा सुई, आणि आईकडून बाळाला, अशा मार्गांनी पसरतो. एकाच मशीनवर पाळीपाळीने काम केल्याने, कूलंटमध्ये हात घातल्याने, घामाने, एका ताटवाटीने, एका नळाने किंवा एका संडासाने तो पसरत नाही. जखम झाली तर प्रथमोपचार करणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि सांडलेले रक्त जंतुनाशकाने पुसावे. हा नियम प्रत्येक कामगाराच्या प्रत्येक जखमेला लागू आहे आणि कोणत्याही नीट चालणाऱ्या कारखान्यात तो तुमच्या निदानाच्या आधीपासून पाळला जात असायला हवा होता. तुम्ही सुरू केलेल्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या उपचाराच्या गोळ्या रोज, न चुकता घेत राहिलात आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजता न येण्याइतके खाली गेले व तसेच राहिले, तर लैंगिक संबंधांतूनही लागण होत नाही, हे वैद्यकशास्त्राने आता स्वीकारलेले आहे. ती पातळी गाठेपर्यंत पत्नीच्या बाबतीत कोणती काळजी घ्यायची, ते एआरटी सेंटरमधील समुपदेशक तुम्हा दोघांना समोर बसवून सांगतील. अवश्य दोघे मिळून जा. कँटीनमध्ये तुमचे ताट वेगळे ठेवणे किंवा तुम्हाला वेगळ्या बाकावर बसवणे ‘खबरदारी’ या नावाखाली चालत नाही, कारण असे वेगळे काढणे हाही कलम 3 मधील स्वतंत्रपणे नमूद केलेला भेदभाव आहे.

हा कायदा येण्याच्या वीस वर्षे आधी मुंबई उच्च न्यायालयात एक प्रकरण आले होते. सार्वजनिक क्षेत्रातील एका महामंडळात हंगामी मजूर म्हणून काम करणाऱ्या माणसाला सेवेत घेण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही आढळला आणि त्याचे नाव कामगारांच्या यादीतून काढले गेले. तो काम करण्यास शारीरिकदृष्ट्या सक्षम होता. 1997 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, जो माणूस आपले काम करू शकतो आणि कामाच्या जागी इतरांना धोका निर्माण करत नाही, त्याला केवळ या विषाणूच्या कारणाने रोजीरोटीपासून तोडणे हे समानतेच्या आणि जगण्याच्या हक्काचे उल्लंघन आहे. त्या काळी या आजारावर आजच्यासारखे सहज मिळणारे मोफत उपचार नव्हते आणि भीती कितीतरी अधिक होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निकालाचे मोल कळते. तुमच्यासाठी त्यातील आणखी एक गोष्ट मोलाची आहे. तो मजूर न्यायालयात ‘एमएक्स’ या नावाने लढला आणि महामंडळाचेही नाव ‘झेडवाय’ असे ठेवले गेले. देशभरातील वकील त्या खटल्याचा दाखला देतात, पण त्या मजुराला निकालातून कोणी ओळखू शकत नाही. पुढे 2017 च्या कायद्यात कलम 34 ने ही सोय लेखी स्वरूपात दिली : टोपणनाव वापरता येते, सुनावणी बंद दाराआड घेता येते, ओळख पटेल असे काही प्रसिद्ध करण्यास मनाई करता येते. न्यायालयीन कामकाजातून कळलेली माहिती बाहेर फोडणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय अशी प्रकरणे प्राधान्याने निकाली काढण्याचे बंधन न्यायालयावर आहे. गावात कळेल या भीतीने तुम्ही न्यायालयाची पायरी टाळणार असाल, तर त्या भीतीचा विचार कायद्याने तुमच्या आधीच केला आहे, एवढेच मी म्हणेन.

आता कामाचे बोलू. ‘घरी आराम कर’ हा तोंडी हुकूम धोकादायक आहे, कारण महिन्याभराने तोच हुकूम ‘कामगार विनापरवाना गैरहजर’ असा होऊन हजेरीपत्रकात उमटू शकतो. म्हणून हे उत्तर वाचल्यानंतर पहिल्याच कामाच्या दिवशी तुमच्या नेहमीच्या शिफ्टला गेटवर जा. आत घेतले तर काम सुरू करा. अडवले तर वाद घालू नका. कोणी अडवले, किती वाजता, काय शब्द वापरले, ते घरी येऊन वहीत तारखेसह लिहा आणि त्याच दिवशी कंपनीला पत्र पाठवा. पत्र तीन-चार ओळींचे पुरे : मी अमुक तारखेला कामावर हजर झालो होतो, मला तोंडी आदेशाने काम नाकारले आहे, मी काम करण्यास तयार व सक्षम आहे, राजीनामा देण्याची माझी इच्छा नाही आणि त्यासाठी होणारा आग्रह थांबवावा. ईमेल करा आणि छापील प्रत स्पीड पोस्टाने पोच मिळेल अशा रीतीने पाठवा. हाती देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.

या पत्रात ‘एचआयव्ही’ हा शब्द लिहू नका. ‘माझ्या आरोग्याविषयीच्या गोपनीय माहितीच्या आधारे’ एवढे म्हटले की ज्याला कळायचे त्याला कळते. कंपनीत आलेले पत्र आवक विभागातील कारकून उघडतो, त्याची झेरॉक्स निघते, ते दोन-तीन टेबलांवरून फिरते. आपली गोपनीयता आपल्याच पत्राने मोडू नये. तुमच्याकडे एचआरच्या साहेबांचे व्हॉट्सअॅप मेसेज किंवा कॉलचे रेकॉर्डिंग असेल तर ते पुसू नका आणि शक्यतो फोनही बदलू नका. अशा नोंदी न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्र लागते. ते वकील तयार करून देतील, पण मूळ नोंद फोनमध्ये शाबूत असली पाहिजे. सिव्हिल हॉस्पिटलमधील डॉक्टरांकडून तुम्ही काम करण्यास तंदुरुस्त आहात असा दाखला मिळाला तर घेऊन ठेवा. तो कंपनीला इतक्यात देऊ नका.

शंभर किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमणे या कायद्याने आवश्यक केले आहे, आणि तुमच्या कंपनीत तीनशे माणसे आहेत. असा अधिकारी नेमला आहे का, त्याचे नाव काय, हे लेखी विचारा. बहुतेक कारखान्यांत या प्रश्नावर नुसती धावपळ होते. ती धावपळही उपयोगी असते, कारण प्रकरण एका साहेबांच्या केबिनमधून बाहेर पडून कंपनीच्या कायदा सल्लागाराच्या टेबलावर जाते आणि तो माणूस कलम 3 वाचतो. कंपनीत दाद लागली नाही तर राज्य सरकारने या कायद्याखाली नेमलेल्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याने दोन्ही बाजू ऐकून तीस दिवसांत कारणांसह आदेश द्यावा, असे कायदा सांगतो. तक्रार कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या नमुन्यात द्यायची, ते तुमच्या एआरटी सेंटरवर किंवा महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या जिल्ह्यातील कक्षात विचारा. 1097 हा मोफत दूरध्वनी क्रमांकही त्यासाठी आहे. तक्रार केली म्हणून कंपनीने पुन्हा त्रास दिला, तर कलम 40 त्यालाही मनाई करते.

इथे एक गोष्ट तुमच्यापासून लपवणे बरोबर होणार नाही. या कायद्याचे शब्द जितके भक्कम आहेत तितके त्याचे दात तीक्ष्ण नाहीत. लोकपालाचा आदेश न पाळल्यास दंड आहे तो दहा हजार रुपयांपर्यंतचा आणि त्यानंतर उल्लंघन चालू राहील त्या प्रत्येक दिवसासाठी पाच हजारांपर्यंतचा. मोठ्या उलाढालीच्या कंपनीला पहिली रक्कम किरकोळ वाटेल. रोजची रक्कम मात्र महिन्याभरात दीड लाखावर जाऊ शकते आणि हिशेब तपासणीत तिचे उत्तर द्यावे लागते. तरीही केवळ या एका दारावर विसंबून राहू नये, असे माझे मत आहे.

दुसरे दार औद्योगिक कायद्याचे आहे. कामगाराला सूडबुद्धीने किंवा अप्रामाणिक हेतूने कामावरून दूर करणे ही अनुचित कामगार प्रथा समजली जाते आणि त्याविरुद्ध महाराष्ट्रातील कामगार 1971 च्या राज्य कायद्याखाली दाद मागत आले आहेत. त्या कायद्यात तक्रारीची मुदत घटनेपासून 90 दिवसांची आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्यामुळे औद्योगिक वादांची चौकट बदलली आहे. त्यामुळे कोणत्या मंचासमोर आणि कोणत्या कलमाखाली जायचे, हे तुमचे सर्व कागद पाहूनच ठरवावे लागेल. 90 दिवसांचा आकडा मात्र डोक्यात पक्का ठेवा आणि तुम्हाला पहिल्यांदा काम नाकारले त्या दिवसापासून तो मोजायला लागा. 2017 च्या एचआयव्ही कायद्याला या संहितांनी हात लावलेला नाही. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगार या नात्याने तुम्ही तिथे मोफत वकील मिळण्यास पात्र आहात आणि त्यासाठी तुमचे उत्पन्न पाहिले जात नाही. 15100 या क्रमांकावरही ही माहिती मिळते.

तीन महिन्यांच्या जादा पगाराचा हिशेबही एकदा शांतपणे करू. अकरा वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी दर वर्षाला पंधरा दिवस या दराने, सव्वीस दिवसांचा महिना धरून, साधारण सव्वासहा महिन्यांच्या मूळ पगार व महागाई भत्त्याहून थोडी अधिक होते. ती तुमची आहेच. भविष्य निर्वाह निधी तुमचाच आहे. शिल्लक रजेचे पैसेही तुमचेच आहेत. ‘फुल अँड फायनल’च्या एका ओळीत हे सगळे एकत्र करून मोठा आकडा दाखवला गेला, तर त्यातून तुमच्या हक्काची रक्कम वजा करा आणि मगच कंपनी स्वतःच्या खिशातून नेमके किती देते आहे ते पाहा. काही माणसे सर्व समजून-उमजून तडजोड करतात आणि निघून जातात. तो त्यांचा अधिकार आहे आणि तुम्ही पुढे कधी तसे ठरवलेत तर मी तुम्हाला दोष देणार नाही. पण ती तडजोड वकिलाने वाचलेल्या कागदावर व्हावी, त्यात तुमच्या माहितीच्या गोपनीयतेची आणि चांगल्या अनुभवपत्राची हमी असावी आणि ती धमकीच्या छायेत होऊ नये.

युनियनच्या माणसांना सांगावे का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण तो प्रश्न मनात असणारच. राजीनाम्यासाठी दबाव येतो आहे, एवढे सांगून मदत मागता येते. कारण सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. न्यायालयाच्या आदेशाशिवाय स्वतःची एचआयव्ही स्थिती उघड करण्याची सक्ती कोणीही तुमच्यावर करू शकत नाही, आणि पुढे कधी दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज केलात तर तिथेही हेच लागू आहे. कायद्याचे हे संरक्षण तुमच्यापुरते थांबत नाही. एचआयव्हीग्रस्त व्यक्तीबरोबर राहणाऱ्यांनाही ‘संरक्षित व्यक्ती’ मानले आहे. म्हणजे वडिलांच्या आजारावरून मुलीला शाळेत वेगळे वागवले गेले किंवा पत्नीला तिच्या कामावरून काढले गेले, तर त्या दोघींनाही हाच कायदा वापरता येतो.

कामावर परतल्यानंतर सुरुवातीच्या काही आठवड्यांत गोळ्यांमुळे चक्कर किंवा झोपेचा त्रास होत असेल, तर रात्रपाळीऐवजी काही काळ दिवसपाळी मागा आणि एआरटी सेंटरला जाण्याच्या दिवशी रजा किंवा पाळीतील बदल मागा. कामात असा किरकोळ व वाजवी फेरफार करून देणे कायद्याला अपेक्षित आहे. ती मागणी केल्याने तुम्ही काम करण्यास असमर्थ ठरत नाही.

महिनाअखेरीस केबिनमध्ये बोलावतील तेव्हा शक्यतो एकटे जाऊ नका. आत एकट्यालाच घेतले, तर गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ नोंदवा. कागद पुढे केला की ‘मला हा घरी नेऊन वाचायचा आहे, प्रत द्या’ एवढेच म्हणा आणि त्यापुढे आजाराबद्दल, पगाराबद्दल, घरच्यांबद्दल काहीही बोलू नका. कोऱ्या कागदावर किंवा ‘नुसती पोच म्हणून’ सही मागतील, तीही देऊ नका. प्रत देत नसतील तर नमस्कार करून बाहेर या आणि त्याच संध्याकाळी, वर सांगितलेल्या नमुन्यात, झालेल्या बोलण्याची नोंद करणारे दुसरे पत्र पाठवा. त्या दिवसाचीही गोळी वेळेवर घ्या.